सरोवराकांठचें उपाहारगृह

उपाहारगृहांत आपण शिरतों तें पोटासाठीं. ज्या जमिनीवर आपलें ताट मांडलें जातें तेथें पूर्वीं कोण जेवत होतें, आणि कोणास जेवूं दिलें जात नव्हतें, हें विचारण्याची बुद्धि त्या वेळीं कोणास होत नाहीं. अमेरिकेंतील शिकागो शहराच्या दक्षिण भागीं, मिशिगन सरोवराच्या कांठीं, साउथ शोअर नांवाची वस्ती आहे. तेथील एका उपाहारगृहाची हकीकत हा प्रश्न विचारल्यावांचून सांगतांच येत नाहीं.

प्रथम कंट्री क्लब म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. आपल्याकडील जिमखान्याशीं त्याचें थोडेंसें साम्य आहे. शहरांत धनवान् झालेल्या मंडळींनीं कडेला विस्तीर्ण जमीन घ्यावी, तेथें गोल्फ व टेनिस खेळावें, घोड्यावर रपेट करावी, सायंकाळीं एकत्र जेवावें, अशी ही योजना. तिचा आरंभ १८८२ सालीं बॉस्टनजवळ ब्रुकलाइन येथें झाला. सभासद होण्यास पैसा लागे. परंतु नुसता पैसा पुरत नसे, जुन्या सभासदांची पसंतीहि लागे.

साउथ शोअर कंट्री क्लब १९०५ सालीं स्थापन झाला. आज उभी असलेली भव्य इमारत मुख्यत्वें १९१६ सालची असून मार्शल आणि फॉक्स ह्या शिल्पज्ञांनीं ती बांधिली. स्तंभांची रांग लावलेलें प्रवेशद्वार, उंच छताचें नृत्यगृह, सरोवराकडे उघडणारीं दालनें, नऊ खळग्यांचें गोल्फचें मैदान, घोड्यांचे तबेले, स्वतःची चौपाटी, असा सारा थाट होता. मात्र यहुदी व कृष्णवर्णीय लोकांस तेथें सभासद होतां येत नसे. कृष्णवर्णीय मनुष्य आंत गेलाच, तर तो चाकरीसाठीं.

पुढें वस्ती बदलली. १९५० सालीं साउथ शोअरमध्यें शेंकडा ९० हून अधिक लोक गोरे होते. १९८० सालीं शेंकडा ९० हून अधिक कृष्णवर्णीय होते. नवे शेजारी क्लबाच्या कुंपणाबाहेरच राहिले, आणि जुने सभासद एकामागून एक दूरच्या उपनगरांत निघून गेले. नव्या शेजाऱ्यांस दार उघडण्यापेक्षां क्लबानें मिटून जाणें पत्करलें, असें मला वाटतें. १९७४ सालीं तो बंद झाला.

मग शहराच्या उद्यान-मंडळानें ती जागा विकत घेतली व जुनी इमारत पाडण्याचा बेत केला. आतां खरें नवल पाहा! ज्यांच्या आईबापांस त्या दारांतून पाहुणे म्हणून प्रवेश मिळाला नसता, तेच वस्तींतले लोक इमारत वांचविण्यासाठीं उभे राहिले. त्यांनीं संघटना केली, सभा भरविल्या, तेथेंच जॅझ-संगीताचे उत्सव केले. इमारत वांचली, तिचें सार्वजनिक कलाकेंद्र झालें, आणि आंतील नाट्यगृहास पॉल रोब्सन ह्या थोर कृष्णवर्णीय गायकाचें नांव मिळालें. २००४ सालीं शहरानें तिला संरक्षित वास्तु ठरविलें. ह्याच वस्तींत वाढलेली मिशेल रॉबिन्सन क्लब बंद झाला तेव्हां दहा वर्षांची होती. १९९२ सालच्या ऑक्टोबरांत तिच्या विवाहाचा स्वागतसमारंभ ह्याच इमारतींत झाला. वर होता बराक ओबामा.

आतां उपाहारगृहाकडे वळूं. एकविसाव्या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत इमारतीच्या एका भागांत 'पॅरट केज', म्हणजे पोपटाचा पिंजरा, ह्या नांवाचें उपाहारगृह सुरू झालें. तें चालविलें वॉशबर्न पाकशाळेनें. भाजी चिरणें, मासा भाजणें, रस्सा आटविणें, ताटें नेणें, हीं सारीं कामें विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखालीं करीत, आणि गिऱ्हाईक म्हणून वस्तींतले लोक येत. परीक्षकापुढें भात करपला तर गुण जातात. गिऱ्हाइकापुढें करपला तर माणूस उपाशी उठतो. ही दुसरी भीति शाळेच्या चार भिंतींत शिकवितां येत नाहीं, हें मी शिक्षक असूनहि कबूल करतों.

ही पाकशाळा १९३७ पासूनची. ज्या वॉशबर्न धंदेशिक्षण-शाळेंत ती निघाली तेथील उमेदवारांची निवड पुष्कळशी कामगार-संघांच्या हातीं असे, म्हणून १९६० नंतरच्या दशकांतहि तिच्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थी फार थोडे दिसत. त्याविरुद्ध नागरी हक्कांच्या चळवळीनें मोठी तक्रार केली होती. एकेकाळीं हीं दोन्हीं दारें बंद होतीं, क्लबाचें आणि शाळेचेंहि. पुढें त्या शाळेचे कृष्णवर्णीय विद्यार्थी त्या क्लबाच्या घरांत चूल पेटवूं लागले.

राहतां राहिला नांवांतला पोपट. दक्षिण अमेरिकेंतील हिरवे पोपट पाळण्यासाठीं आणले गेले होते. त्यांतील कांहीं सुटून १९७० नंतर शिकागोच्या ह्याच भागांत झाडांवर काटक्यांचीं मोठालीं घरटीं बांधून राहूं लागले. तेथील हिंवाळ्यांत पाणी गोठतें, तरी ते जगले. सरकारी खात्यानें त्यांस हलविण्याचा विचार केला तेव्हां शेजारच्या रहिवाशांनीं विरोध केला, आणि पोपट तेथेंच राहिले.