पदवीधरांची दप्तरे
(‘कागदाचे आयुष्य’ : लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात देवस्थानांच्या कागदपत्रांचा परामर्श घेतला. आज, विद्यापीठात शिकून आलेल्या माणसांच्या पश्चात घरोघर जे कागद उरतात, त्यांचा विचार करावयाचा आहे. मालवणच्या किनाऱ्यास हा विषय परका नाही. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी १८६२ साली ज्या पहिल्या चौघांनी संपादन केली, त्यांत महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्या जोडीला रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, आणि त्यांचा जन्म १८३७ सालचा, मालवणातला. पुढे १८९३ साली ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यास त्यांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले, त्यास त्यांनी आपला ग्रंथसंग्रह दिला. म्हणून तो वारसांच्या वाटण्यांत विखुरला नाही.

प्रत्येक पदवीधर भांडारकर नसतो, हे खरे; परंतु साधारण विद्यार्थ्याच्या दप्तराचे मोल त्यामुळे उणे होत नाही. घरची मंडळी पदवीची सनद चौकटीत बसवून भिंतीस लावतात आणि फीच्या पावत्या, खाणावळीचा हिशेब, मनीऑर्डरीच्या पोचा, आगबोटीच्या भाड्याची टिपणे, घरून आलेली पत्रे हे सारे रद्दीत घालतात. वास्तविक सनदेवर जे लिहिले आहे, त्याची नोंद विद्यापीठाच्या दप्तरी असतेच; किनाऱ्यावरच्या एका कुटुंबाने मुलाच्या शिक्षणाकरिता काय मोडले, कोणाकडून कर्ज काढले, सुट्टीत तो घरी केव्हा आला, हे मात्र त्या टाकाऊ ठरलेल्या कागदांवाचून कोठेच नोंदलेले नसते.

या कागदांचा मुख्य शत्रू म्हणजे येथील दमट, खारी हवा. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ शेकडा पासष्टाच्या वर राहिली, की बुरशी धरते. कसर आणि वाळवी पाठोपाठ येतातच. जुन्या काळ्या शाईत लोहक्षार व आम्ल असल्यामुळे ओल लागताच ती कागद कुरतडू लागते, आणि कालांतराने अक्षरांच्या जागी अक्षरांच्याच आकाराची भोके उरतात. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर काचेला चिकटलेली सनद याच न्यायाने खराब होते. प्लास्टिकच्या पिशवीत कागद कोंडले, तर आतली ओल आतच राहते. चिकटपट्टीचा डाग जन्मभर जात नाही.

तेव्हा दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर, पेटी उघडावी. कागद उन्हात न घालता सावलीत वाऱ्यावर पसरावेत, टाचण्या काढाव्यात, ज्या क्रमाने गठ्ठा सापडला तो क्रम मोडू नये, कारण कोणते पत्र कोणत्या पावतीसोबत ठेवले होते, हाही एक पुरावाच असतो. छायाचित्रांच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने नावे, स्थळ व साल लिहावे, आणि हे काम घरातील वृद्ध मंडळी ओळख पटवू शकतात तोवरच उरकावे. नंतर धुतलेल्या सुती रुमालात दप्तर बांधून, जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर ठेवावे.

शेवटचे काम फेरिस्त करण्याचे. तिची एक प्रत घरी ठेवावी, दुसरी गावच्या ग्रंथालयात द्यावी, आणि दप्तर पुढे कोणाच्या हवाली करावयाचे हे मालकाने आपल्या हयातीतच लिहून ठेवावे. भांडारकरांनी ग्रंथांच्या बाबतीत दाखवलेली दूरदृष्टी ती हीच, आणि ती आचरण्यास विद्वत्ता लागत नाही.

पुढील लेखांकात शाळांच्या हजेरीपटांचा विचार करू.