लाकडी कपाटावर विटांची टाइल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वयंपाकघरातल्या लाकडी कपाटाला विटेचे रूप देण्यासाठी भाजलेल्या मातीची, साधारण 10 ते 20 मिलिमीटर जाडीची टाइल लावतात. ती बसवायला सिमेंटचा माल पुरतो, हा सर्वांत मोठा गैरसमज. कोरडे लाकूड मालातले पाणी ओढून फुगते, मग सुकताना आकसते. पाणी गमावलेले सिमेंटही कच्चेच राहते. शिवाय लाकडाची ही हालचाल पुढेही थांबत नाही. धर्माबादसारख्या गावात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, हवा रखरखीत होते. पावसाळ्यात तीच दमट. त्याप्रमाणे सागाची फळी रेषांच्या आडव्या दिशेने कमीजास्त होत राहते, वीट मात्र जागची हलत नाही. या ओढाताणीत ताठ सांधा सुटतो.

म्हणून आधार प्लायवूडचा घ्यावा. त्याचे थर आडवे-उभे असल्याने हालचाल कमी होते. त्यावर लाकडाला चालणारे लवचिक पॉलियुरेथेन अॅडहेसिव्ह लावावे. सनमायका असल्यास आधी काढलेली बरी. पिशवीवर आयएस 15477 हा टाइल अॅडहेसिव्हचा मानक क्रमांक दिसला की काम झाले, असेही नाही. तो माल कोणत्या पृष्ठभागासाठी आहे, हे वाचावे लागते.

टाइल पातळ, म्हणजे हलकी, हा समज बिजागऱ्यांना महागात पडतो. 15 मिलिमीटर जाडीच्या टाइलचे वजन चौरस फुटाला अडीच किलोच्या आसपास भरते. दोन फूट बाय अडीच फुटांच्या पल्ल्यावर बारा-तेरा किलोंचा बोजा वाढला, की पल्ला खाली झुकणारच. टाइल कपाटाच्या स्थिर बाजूंना लावावी, पल्ले मोकळे ठेवावेत. शोभाही त्यातच अधिक.

वीट डाग धरत नाही, हेही खरे नव्हे. ती सच्छिद्र असते, फोडणीचे तेल पिते. धर्माबाद तर मिरचीच्या बाजारपेठेचे गाव. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो; विटेवर तो लपतो, पण सांध्यांतल्या फिक्या ग्राउटवर उठून दिसतो. ग्राउट वाळल्यावर सीलर लावणे आवश्यक. सफाईसाठी अॅसिड मात्र नको, त्याच्या वाफेने बिजागऱ्या गंजतात.

विटेमुळे लाकूड वाळवीपासून वाचते, असेही मानले जाते. उलट टाइलमागे वाळवीचा माग झाकला जातो आणि पोखरण उशिरा कळते. वाळवीरोधक औषध टाइल लावण्याआधीच मारून घ्यावे लागते.