आतड्यातला रोजेदार

आठवीच्या वर्गात पचनसंस्था शिकवताना आम्ही लहान आतड्याचे तीन भाग फळ्यावर लिहितो: आद्यांत्र, मध्यांत्र, शेषांत्र. मुले पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पण मध्यांत्राचे अरबी नाव 'साइम', म्हणजे रोजेदार, आहे असे सांगितले की सारा वर्ग मान वर करतो. मृत्यूनंतर शरीर तपासताना हा भाग बहुधा रिकामा आढळे, म्हणून जुन्या वैद्यांनी हे नाव दिले. डॉक्टरांच्या 'जेजुनम' या लॅटिन शब्दाचा अर्थही उपाशी असाच आहे.

लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. त्यातले आद्यांत्र जेमतेम २५ सेंटीमीटर. म्हणून त्याला अरबीत बारा बोटांचे आतडे म्हणतात. यकृताचे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येथेच अन्नात मिसळतो. पुढे सुमारे अडीच मीटरच्या मध्यांत्रात साखर, प्रथिने आणि चरबी यांचा बराचसा अंश रक्ताकडे जातो. शेवटचे शेषांत्र जीवनसत्त्व बी-१२ शोषून घेते. शस्त्रक्रियेत त्याचे टोक काढावे लागले, तर अशा रुग्णाला बी-१२ची इंजेक्शने घ्यावी लागतात. कारण ते काम दुसरा भाग करीत नाही.

लोहाचेही तसेच आहे. ते मुख्यतः आद्यांत्रात आणि त्याला लागून असलेल्या भागात शोषले जाते. तेथे संधी हुकली की पुढे फारसे हाती लागत नाही.

आमच्या वर्गातली एक मुलगी सतत थकलेली असे. हिमोग्लोबिन कमी होते, गोळ्या सुरू होत्या, तरी फरक दिसेना. विचारल्यावर कळले, अम्मी रोज सकाळी चहासोबतच गोळी देत होती. चहातली तुरट द्रव्ये लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. डाळ आणि पालेभाजीतल्या लोहाचेही हेच होते. मटणातले लोह मात्र त्यामानाने सहज शोषले जाते.

आता ती गोळी लिंबूपाण्यासोबत घेते. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. चहा तास-दोन तासांनी. काही महिन्यांनी तपासणीत हिमोग्लोबिन वाढलेले दिसले, अल्हम्दुलिल्लाह.

आपल्याकडे दस्तरखान उचलण्याआधीच चहाचे आधण चढते. चहा सोडा असे आम्ही म्हणत नाही. बारा बोटांच्या त्या आतड्याला त्याचे काम करायला तेवढा तासभर द्या. आणि थकवा जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवून कारण शोधा.