थोड्या निगेची बाग

घराभोंवतीं चार झाडें असावींत, अशी हौस कोणत्या घरांत नसते? देवपूजेस घरचीं फुलें, सणावारास घरची पत्री आणि संध्याकाळीं ओटीवर बसल्या जागीं येणारा सुगंध, एवढीच आपली माफक अपेक्षा. परंतु ही हौस पुरवितांना एक प्रश्न विचारावयाचा बहुधा राहून जातो. या झाडांना पाणी कोण घालणार?

आमच्या कोकणांतील घरीं हा प्रश्न फार उशिरां विचारला गेला. वडिलांनीं मोठ्या हौसेनें घाटावरून गुलाबाचीं १८ कलमें आणलीं. मृगाचा पाऊस लागला आणि श्रावण उजाडण्यापूर्वींच पानांवर काळे डाग पडून तीं गळूं लागलीं. जीं कलमें तगलीं, त्यांना फाल्गुनापासून रोज पाणी हवें. तें मोठ्या काकू कळशीनें विहिरीवरून आणीत. एके दिवशीं सांडलेल्या पाण्यानें निसरड्या झालेल्या पायरीवर त्यांचा पाय घसरला व मनगट मोडलें. हात गळ्यांत बांधून बसलेल्या काकूंना वडील म्हणाले, “वहिनी, इतका त्रास होत होता, तर बोललां कां नाहींत?” त्या शांतपणें म्हणाल्या, “मला विचारलें कोणीं?” घरांतील सर्व मंडळी ओशाळली, आणि बागेचा विचार नव्यानें सुरू झाला.

दमट हवेंत झाडांना बारमाही ओलावा मिळतो, हा समज खोटा आहे. रत्नागिरीकडे वर्षाकाठीं १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. पण तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत. जांभ्या दगडाच्या जमिनींतून पाणी झपाट्यानें निचरून जातें. मग हवा कितीहि दमट असली, तरी मुळें तहानलेलींच राहतात. म्हणून झाड निवडतांना दोन कसोट्या लावाव्या: तें ४ महिने भिजून कुजूं नये, आणि उरलेले ८ महिने बेताच्या पाण्यावर तगावें.

या कसोट्यांस उतरणारीं झाडें आपल्या आजीच्या परसांत होतींच. तांबडी जास्वंद आणि पांढरी तगर यांची वीतभर फांदी पावसाच्या आरंभीं खोंचली, कीं सहसा जीव धरते. अनंताला आम्ल माती मानवते, आणि आपली जांभी माती तशीच असते. सावलीच्या कोपऱ्यांत अडुळसा लावावा. हळद पावसावरच वाढते, पातोळ्यांना वेळेवर पानें देते आणि पुढें पानें वाळलीं, कीं तिचा कंद जमिनींत निजून राहतो. भुईचाफ्याची रीतहि तीच. मोरीचें पाणी जेथें वाहून जातें, तेथें केळ, कर्दळ, अळू आणि सोनटक्का लावावा. त्यांच्यासाठीं निराळी कळशी भरावी लागत नाहीं. अंगण मोठें असेल, तर भिंतीपासून १५ ते २० फूट अंतरावर बकुळ, सुरंगी किंवा रातांबा लावावा. हीं झाडें सावकाश वाढतात, पण एकदां रुजलीं म्हणजे पाणी मागत नाहींत.

मात्र थोडी निगा म्हणजे मुळींच निगा नव्हे. पहिले दोन उन्हाळे आठवड्यांतून दोनदां भरपूर पाणी द्यावें. रोजच्या शिंपडण्यानें मुळें वरच्यावर राहतात. पातेरा जाळूं नये. दिवाळीनंतर, माती ओली आहे तोंच, तो आळ्यांत पसरावा. फक्त खोडाला टेकूं देऊं नये. झाडें दाटीनें लावूं नयेत, कारण वारा न खेळल्यास दमट हवेंत बुरशी बळावते. जास्वंदीवर पांढरी पिठासारखी कीड दिसतांच तेवढा शेंडा कापून नष्ट करावा. कण्हेर काटक खरी, परंतु तिचें प्रत्येक अंग विषारी आहे. लहान मुलें असलेल्या घरीं तिचा मोह टाळावा. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचूं देऊं नये, कारण डेंग्यूचे डांस अशाच स्वच्छ पाण्यांत वाढतात.

तुळशीबद्दल एक शब्द. ती पावसांत काळी पडून मरते, तेव्हां घरांतील वडील माणसें हळहळतात. त्यांत कोणाचा दोष नसतो. तिला साचलेलें पाणी सोसत नाहीं. वृंदावनांत माती भुसभुशीत ठेवावी, तळाला निचऱ्याची वाट असावी आणि वाळलेल्या मंजिऱ्या जपून ठेवून दरवर्षीं नवीं रोपें करावींत.

आतां पुष्कळ घरीं पंप आहेत. पण मुलें शहरांत गेलीं, आणि पंपाची कळ दाबण्यापासून नळी ओढण्यापर्यंतचें सारें काम म्हाताऱ्या हातांवर आलें. बाग लावतांना आपण जागा पाहतों, माती पाहतों, ऊन पाहतों. तिला हात कोणाचे लागणार, तेंहि पाहावें आणि त्या माणसाला आधीं विचारावें.

आमच्या अंगणांत पुढें एकच गुलाब राहिला. त्याला पाणी वडील स्वतः घालीत. काकू ओटीवर बसून तगरीच्या कळ्या ओंवीत, आणि त्यांच्याकडे पाहून मंदपणें हंसत.