आमच्या खानावळीचं ताट

पहाटे साडेचार

केम स्टेशनाबाहेर अंधार असतानाच खानावळीच्या मागच्या खोलीत आमची घरघंटी सुरू होते. ज्वारी मालदांडी, करमाळा तालुक्यातल्याच काळ्या रानातली. ही रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पुढं पाऊस फिरकला नाही तरी जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती कंबर ताठ ठेवून उभी राहते. रोजचं दळण रोज, हा नियम मी मोडू देत नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो. पीठ शिळं होत गेलं की त्याची विरी जाते, आणि मग कितीही कसलेली बाई थापायला बसली तरी भाकरीच्या कडा फाटतात. गिऱ्हाईक काही बोलत नाही, पण तव्यापाशी बसलेल्या बाईची सगळी सकाळ खराब होते.

सहा ते आठ

चहा आणि पोहे. कुर्डुवाडीला, सोलापूरला जाणारी कॉलेजची पोरं, दौंडकडं निघालेले कामगार. गाडी यायच्या आत चहा हातात पडावा, एवढीच त्यांची मागणी असते.

साडेआठ

वहिनी उखळापाशी बसतात. शेंगदाण्याची चटणी मिक्सरमध्ये करायची नाही, हा त्यांचा हट्ट आहे आणि तो बरोबर आहे. लसूण, तिखट, मीठ घालून शेंगदाणे कांडत राहिलं की हळूहळू तेल सुटतं आणि चटणीचा गोळा व्हायला लागतो. मिक्सरमध्ये नुसता भुगा होतो.

मग कारळे. काळेभोर, बारीक, चकचकीत दाणे. कोरड्या तव्यावर टाकायचे आणि नजर हलवायची नाही. तडतडायला लागले की लगेच उतरवायचे, नाहीतर कडवटपणा येतो. हुरड्याच्या दिवसांत या चटणीला इतकी मागणी असते, की वहिनींचा अर्धा दिवस त्यातच जातो.

हे कारळे मूळचे इथिओपियातले. तिथं त्यांना नूग म्हणतात आणि त्यांचं तेल खातात. ज्वारीचं माहेरही त्याच भागातलं. पूर्व सुदानात, इरिट्रिया-इथिओपियाच्या सरहद्दीच्या बाजूला, पाच हजार वर्षांपूर्वीची खापरं सापडली. त्यांच्या मातीत ज्वारीच्या भुसकटाचे ठसे होते, आणि त्यांत माणसानं पेरून बदललेली ज्वारीही होती. आपण ज्याला अस्सल सोलापुरी जेवण म्हणतो त्यातली भाकरी आणि काळी चटणी समुद्रापलीकडून आली आणि या मातीत इतकी रुजली, की तिचं मूळ विचारायचं कुणाला सुचत नाही. मला ते सुचलं, कारण मी त्या लोकांच्या ताटात जेवलो आहे. ते दुपारी सांगतो, आता पिठलं फोडणीला टाकायचं आहे.

साडेदहा

भाकऱ्यांना सुरुवात. दोन बायका आहेत, एक मळणारी आणि एक थापणारी. तासाभरानं जागा बदलतात, कारण सलग थापून मनगट धरतं.

कढत पाणी पिठात ओतून उलथन्यानं कालवायचं, हाताला सोसेल इतकं निवालं की तळहाताच्या मुळानं रगडायचं. चिकटा नसलेल्या पिठाला हे गरम पाणीच धरून ठेवतं. मग परातीत कोरडं पीठ भुरभुरून गोळा ठेवतात आणि थापायला लागतात. भाकरी आपली आपण गोल फिरत जाते. बघणाऱ्याला वाटतं हात फक्त आपटतोय, पण बोटांची टोकं कडेला दाबत असतात आणि तळवा मधला भाग पसरत असतो. तव्यावर टाकली की वरच्या पिठाच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकायच्या बेतात असताना उलटायची. लवकर उलटली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर तडे जातात. शेवटी तवा बाजूला सारून आरावर. तिथं ती फुगते आणि पापुद्रा सुटतो.

यातली एकही पायरी यंत्रानं चांगली होताना मी अजून पाहिलेली नाही.

बारा ते अडीच

केमचं कुंकू पंढरपूर-तुळजापूरच्या दुकानांत जातं आणि त्याही पलीकडं जातं. कुंकवाच्या कारखान्यांतली माणसं दुपारी जेवायला येतात तेव्हा त्यांच्या भुवया, कानांच्या पाळ्या, सदऱ्याच्या कॉलरी लाल असतात. बाहेर हात धुवायच्या फरशीवर आम्ही साबण ठेवतो. पहिलं पाणी गडद जातं, दुसरं गुलाबी, आणि तरीही नखांच्या कडांना लाल रेघ राहतेच. त्याच हातांनी ते भाकरी मोडतात.

ताटात पिठलं, शेंगांची आमटी, वांग्याची नाहीतर मटकीची भाजी, दोन चटण्या, बुक्कीनं फोडलेला कांदा, ताक. काहीजण ताट घेतच नाहीत.

"आण्णा, परात द्या. आम्ही चौघं एकातच."

मग चौघं परातीभोवती मांडी घालून बसतात, सात-आठ भाकऱ्या कुस्करतात, मधोमध आमटी ओततात आणि आपापल्या बाजूनं खायला लागतात. बोलणं थोडं होतं. एखाद्याच्या बाजूची आमटी संपली, तर शेजारचा आपल्याकडची बोटानं तिकडं सारतो. शेवटचा घास सगळ्यांत धाकट्याला. हे कुणी ठरवलेलं नाही, पण रोज तसंच होतं.

साडेतीन

आता तासभर निवांत. सकाळी राहिलेलं ते दुबईचं सांगतो.

मी देरा भागातल्या एका गोदामात नोकरीला होतो. माझ्याबरोबर इथिओपियातल्या गोंडरकडचा एकजण होता. तिथं तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची आणि नेमका शुक्रवार त्याच्या उपासाचा. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी मांस, अंडी तर सोडतातच, दूध-लोणीही सोडतात. मी शाकाहारी म्हटल्यावर तो म्हणाला, मग आजच चल.

ते हॉटेल साधंच होतं, पण मेज नव्हतं. गवताच्या विणीची, कमरेएवढी उंच टोपली होती, वर शंकूसारखं झाकण. तिला मेसोब म्हणतात. बसल्याबरोबर एका मुलीनं तांब्या आणि पसरट भांडं आणून आमच्या हातांवर पाणी घातलं. मग झाकण उचलून परातीएवढं ताट ठेवलं. त्यावर पसरलेली एकच मोठी, मऊ, जाळीदार पोळी म्हणजे इंजेरा. तिच्यावर ठिकठिकाणी वाढलेलं: मसुरीचं लालभडक कालवण, हिरव्या पाल्याची भाजी, कोबी-बटाटा, आणि मधोमध शिरो. शिरो म्हणजे हरभऱ्याचं पीठ मसाल्यात शिजवलेलं. पहिल्या घासाला मी मान वर केली. आमच्या घरचं पिठलं होतं ते, मसाला तेवढा वेगळा. इंजेरा तोंडात घातला तर आंबट. तो आंबटपणाही मी ओळखला, वेळ अमावास्येला रानात पितो त्या ज्वारीच्या आंबिलाचा.

तरी सवय जात नाही. मी थोडा भात मागितला. मालकीण म्हाताऱ्याच होत्या. भात आमच्याकडं नसतो, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग इंजेऱ्याचा तुकडा तोडला, त्यात शिरो गुंडाळला आणि माझ्या तोंडासमोर धरला. मित्र म्हणाला, घे, याला गुर्शा म्हणतात, नाही म्हणायचं नसतं. परक्या गावात, परक्या बाईच्या हातचा घास मी खाल्ला, आणि नंतर भाताची आठवणही झाली नाही.

जेवण झाल्यावर त्या मला आत घेऊन गेल्या. इंजेरा टेफ नावाच्या धान्याचा करतात. दाणा राजगिऱ्याहूनही बारीक. पीठ कालवून दोन-तीन दिवस आंबवतात आणि आंबवायला आधीच्या पिठावरचं पाणी जपून ठेवतात. मिताद नावाच्या मोठ्या तव्यावर ते पातळ पीठ बाहेरून आत गोलगोल ओततात, वर झाकण ठेवतात, आणि उलटत नाहीत. एकाच अंगानं भाजायचं. वरच्या अंगाला जे असंख्य डोळे पडतात त्यांतच कालवण मुरतं. टेफ महाग पडतं तिथं ज्वारीचाही इंजेरा करतात, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना आमच्या ज्वारीबद्दल सांगायला लागलो आणि थांबेना.

बाहेर आलो तर कॉफीच्या बिया आमच्यासमोर भाजायला घेतलेल्या. त्या धुराचा वास सगळ्यांपुढं फिरवला, मग जेबेना नावाच्या मातीच्या सुरईतून तीन फेऱ्या. पहिली सगळ्यांत कडक. तिसरी घेतल्याशिवाय उठायचं नसतं.

मला त्या दिवशी एक गोष्ट फार लागली. दुबईसारख्या शहरात, जिथं शंभर देशांची माणसं खायला येतात, तिथं त्या बाईनं आपल्या धान्याबद्दल कसलाही संकोच ठेवला नव्हता. इंजेरा हेच जेवण. आणि आमच्या हायवेवर, जगातली उत्तम ज्वारी पिकते त्या जिल्ह्यात, ढाब्यांच्या पाट्यांवर आधी तंदुरी रोटी, बटर नान, आणि भाकरी कुठंतरी शेवटी. भाकरी म्हणजे गरिबाचं, आजारी माणसाचं, नाहीतर हौसेनं एक दिवस खायचं. मला हे पटत नाही. परत आल्यावर खानावळ काढली तेव्हा पाटीवर एकच धान्य लिहिलं.

इथिओपियाची माणसं या मुलखाला नवीन नाहीत, हेही तेव्हाच ध्यानात आलं. केमहून परांड्याचा किल्ला जवळ आहे. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर निजामशाहीची गादी ज्यानं परांड्याला पुन्हा उभी केली तो मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस १६२६ मध्ये वारला तोवर या मुलखाचा कर्ताधर्ता होता, जमीनमहसुलाची घडी बसवणारा होता. शाळेत आम्ही त्याचं नाव पाठ केलं. तो लहानपणी काय जेवला असेल, हा विचार मला देरातल्या त्या टोपलीपाशी आला.

साडेपाच

ज्वारीवाला शेतकरी येतो. पोत्याचं तोंड सोडून मूठभर दाणे तळहातावर घेतले की समजतं: मालदांडीचा दाणा टपोरा, मोत्याच्या रंगाचा, दाताखाली कडक. भाव मी बाजारापेक्षा थोडा वर देतो. उजनी धरणाचं पाणी पोचलं तिथं ऊस आला, कंदरकडं केळी आली, आणि त्यात शेतकऱ्याचं काही चुकलं नाही. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही. ताटं उपटायची, कणसं खुडायची, सगळं हातानं आणि उन्हात. कडब्यासाठी तरी लोक पेरतात म्हणून ती टिकली आहे.

"पुढच्या वर्षी दोनच एकर पेरणार," तो म्हणाला.

"त्या दोन एकरांची सगळी ज्वारी माझी," मी म्हणालो, आणि थोडे पैसे आगाऊ दिले.

साडेसात ते साडेनऊ

रात्रीचं गिऱ्हाईक वेगळं. ट्रकवाले, केळीच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर, एखादं कुटुंब. आज पंजाबकडच्या एका ड्रायव्हरनं तंदुरी रोटी मागितली.

"रोटी नाही होत आमच्याकडं. भाकरी गरम देतो. नाही आवडली तर पैसे नका देऊ."

वहिनींनी भाकरीचा पापुद्रा उचलून आत तूप सोडलं आणि काळी चटणी बाजूला ठेवली. तो आधी चटणीच खात राहिला. मग तिसरी भाकरी मागताना ही चटणी कसली, असं विचारलं. मी कारळे दाखवले. त्यानं दाणे चिमटीत घेऊन दिव्याखाली धरले आणि घरी न्यायला पावशेर मागितले.

दहा

हिशेब. किराणा, गॅस, दूध यांचे पैसे उद्या दिले तरी चालतात. भाकऱ्या थापणाऱ्या दोघींचे आधी मोजतो. भाकरीमागं दर ठरलेला आहे आणि आज तो वाढवून मागितला आहे. वहिनी त्यांच्या बाजूनं बोलल्या.

"भाऊजी, पीठ कुणाकडूनही येईल. हे हात कुठून आणणार?"

उद्यापासून ताटाचा दर पाच रुपयांनी वाढेल, आणि ते पाचही रुपये त्या दोघींकडं जातील. पाटी मी आत्ताच रंगवायला घेतली आहे.