दंड भरला म्हणजे नोंद पुसली असं नाही

महाड-पोलादपुरातल्या कितीतरी घरांतली माणसं मुंबईत, आखातात किंवा त्याहूनही लांब नोकरीला आहेत. तिकडची बातमी सवसारख्या गावात लगेच पोचते, पण बऱ्याचदा अर्धीच. ‘गांजा कायदेशीर झाला, जुन्या केसेस आपोआप पुसल्या जातात’ ही अशीच एक अर्धी बातमी.

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर केला. पुढच्या वर्षी, फक्त जवळ बाळगल्याबद्दल शिक्षा झालेल्यांना ती नोंद विनाशुल्क बाजूला ठेवून घेण्याची सोय दिली. पण त्यासाठी अर्ज करावाच लागतो. अमेरिकेत न्यू जर्सीने लाखो जुनी प्रकरणं स्वतःहून पुसली. तरीही तिथल्या ज्या मराठी माणसांकडे नागरिकत्व नाही, त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय निर्धास्त होऊ नये. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा आहे आणि राज्याने पुसलेली शिक्षाही तो बहुधा शिक्षाच मानतो.

आपल्याकडे मात्र १९८५ चा अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायदा लागू आहे आणि गांजा त्याखाली गुन्हाच आहे. नुसती पानं त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेचा दाखला दिला जातो. पण महाराष्ट्रात भांगेवर दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहे. बंदीच उठलेली नाही, त्यामुळे जुन्या शिक्षा पुसण्याची योजनाही नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज वेगळाच आहे: ‘गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो.’ एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याने ‘अल्प प्रमाण’ ठरतो. त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसत्या दंडावर सुटका झाली तरी कागदावर तो माणूस दोषी ठरलेला असतो. शिवाय कबुली दिल्यावर दोषी ठरवण्याविरुद्ध अपिलाची वाट जवळजवळ बंद होते. शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यावरच दाद मागता येते. पुढे एमआयडीसीतल्या कंपनीने चारित्र्याचा दाखला मागितला की तो दंड पुन्हा समोर येतो. विशीतल्या पोराला ‘मिटवून टाक’ असा सल्ला देणारी वडीलधारी माणसं त्याचं भलंच चिंतत असतात, म्हणूनच हे त्यांना आधी कळायला हवं.

आरोपपत्रात कलम कुठलं लावलंय, तेही पाहावं. कलम २७ म्हणजे सेवन. त्यात १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा (शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटण्याचा) लाभ मागता येतो, आणि तो मिळाला तर दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. कलम २० खाली गांजा बाळगल्याची केस असेल, तर प्रौढाला ही सवलत नाही. ओढणाऱ्याच्या खिशात गांजा आधी असणारच, तरी दोघांत एवढा फरक करणं मला अन्यायाचं वाटतं. व्यसनी माणसाला मात्र अल्प प्रमाणाच्या दोन्ही प्रकारांत त्याच्या संमतीने उपचारासाठी सोडण्याचा अधिकार कोर्टाला आहे.

अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. अशा किरकोळ प्रकरणात त्याला पुढे कसलीही अपात्रता लागत नाही आणि ठरावीक काळानंतर नोंद नष्ट करायची असते. नोंद पुसण्याची खरी तरतूद आपल्याकडे आहे ती ही.

‘एकदा केस झाली की पासपोर्ट विसरा’ हेही खरं नाही. शिक्षेमुळे पासपोर्ट नाकारायचा तर नैतिक अधःपतनाचा गुन्हा, किमान दोन वर्षांची कैद आणि अर्जाआधीच्या पाच वर्षांतली शिक्षा, असं पासपोर्ट कायदा सांगतो. अल्प प्रमाणाच्या शिक्षेची कमाल मर्यादाच एक वर्ष आहे. अडचण येते ती केस चालू असताना. तेव्हा कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

सरकारी नोकरीच्या अर्जात केस लपवू नका. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की उमेदवाराने दिलेली माहिती खरी हवी. किरकोळ प्रकरण असेल तर नोकरी देणारा ते नजरेआड करू शकतो.

केस उभी राहिली असेल, तर कबुली देण्याआधी महाडच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.