संहितेवाचून संवाद

पवनी तालुक्यातले आसगाव ज्या झाडीपट्टीत मोडते, तेथे दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर रंगणारी खडी गंमत ही लिखित संहितेचा हुकूम फारसा न मानणारी कला होय. कथेचा सांगाडा तेवढा आधी मुक्रर व्हावा आणि संवाद मात्र नटांनी, ढोलकीच्या ठेक्यावर, प्रेक्षकांचा रंग पाहून, जागच्या जागी रचावेत, असा तिचा दस्तूर आहे. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळातही सूत्रधार प्रसंग मांडतो आणि पात्राची कृती खेळाडू स्वतः ठरवतो. परंतु तिथे बाक्या वेळी २० पैलूंचा फासा निवाडा देतो, इथे (आणि हे मला अधिक कठीण वाटते) उत्तर सुचले नाही, तर लुगडे नेसलेला नाच्या भर मंडळींत उघडा पडतो.